घराची खूण

माणिकप्पानं जन्मात कधी कुणाला रस्ता विचारला नव्हता. लोक त्याला विचारायचे. उमरग्याच्या नाक्यावर अडलेला परमुलखातला ट्रकवाला असो, की भलत्याच गावात घुसलेलं लग्नाचं वऱ्हाड असो, माणिकप्पा गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढायचा आणि सांगायचा, "पुढं जावा. जिथं गाडी दोनदा उडती तिथनं लिंबाचं झाड दिसंल. त्याच्या म्होरचा रस्ता धरा." आणि माणूस बरोबर पोचायचा.

सास्तूरच्या अंगाला असलेल्या हळदवडगीत त्याला या गोष्टीचा मान होता, आणि तो फुकटचा नव्हता. भूकंप झाला त्या पहाटे तो उमरग्याला एका व्यापाऱ्याच्या टेंपोवर होता. मिलिटरीच्या गाड्या आल्या, पण पडलेल्या गावांचे रस्ते कुणाला उमगेनात. तेव्हा पहिल्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी माणिकप्पा बसला. सगळ्यात आधी त्यानं आपल्याच गावाचा रस्ता दाखवला. घराच्या जागी दगडमातीचा ढीग होता. त्यातून बायको महादेवी जिवंत निघाली, तिचा डावा हात तेव्हापासून खांद्याच्या वर जात नाही. चार वर्षांची लेक शुभांगी मात्र निघाली ती गेलेलीच. तिला मूठमाती दिली आणि हा बाबा डोळे पुसून पुन्हा मिलिटरीच्या गाडीत जाऊन बसला. आठ दिवस तो दुसऱ्यांच्या गावांचे रस्ते दाखवत फिरला.

मग सरकारनं ओढ्याच्या पलीकडं, माळावर नवी हळदवडगी वसवली. सरळ गल्ल्या, एकसारखी घरं. जुन्या गावात बाभळी माजल्या. त्या बाजूला कुणी फारसं जात नसे. या गोष्टीला तीस-बत्तीस वर्षं झाली. माणिकप्पानं टेंपो सोडून स्वतःचा पिकअप घेतला, गावाचा भाजीपाला सोलापूरला नेऊ लागला, नव्या घरात उमाशंकर जन्मला, मोठा झाला, नोकरीला पुण्याला गेला. सगळं सुरळीत चाललं होतं म्हणायचं.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र भलतंच झालं.

इरम्माचा झेंडू होता. शेजारची इरम्मा, विधवा बाई, अर्धा एकर झेंडू तिनं लेकरासारखा सांभाळला होता. दसऱ्याच्या आदल्या सकाळी फूल बाजारात पोचलं तर सोनं, दुपारी पोचलं तर पाचोळा. माणिकप्पा कोंबडं आरवताना निघाला. नळदुर्गात नवा पूल झालाय, तिथं त्याला सरळ जायचं होतं. तो तुळजापूरकडं वळला. तुळजापूर मागं टाकलं, आणि दहा वाजता तामलवाडीत एका चहाच्या टपरीसमोर गाडी लावून नुसता बसून राहिला. टपरीवाल्यानं त्याच्याच फोनवरून घरी लावलं. "तुमचे मालक इथं बसलेत. कुठं जायचं विचारलं तर सांगंनात."

सोलापूर तिथून हाकेच्या अंतरावर होतं.

गावातल्या एका पोरानं संध्याकाळी गाडी परत आणली तेव्हा फुलांना आंबूस वास सुटला होता. इरम्मा काही बोलली नाही. तिनं कॅरेट उकिरड्यावर पालथे केले, धुतले, भिंतीला उभे लावले. पुढच्या आठवड्यात तिची मिरची गावातल्याच रणधीरच्या नव्या पिकअपमध्ये चढली. मग बाकीच्यांचीही चढायला लागली. रणधीरची गाडी माणिकप्पाच्या दारावरूनच जायची. माणिकप्पा ओट्यावरून उतरून आपल्या रिकाम्या गाडीची काच पुसत राहायचा. पुसलेलीच काच पुन्हा पुसायचा.

"त्या हायवेवाल्यांनी सगळं उलथंपालथं केलंय," तो म्हणायचा. "झाडं तोडली, खुणा मोडल्या. माणसानं वळायचं कुठं?"

"व्हय की," महादेवी म्हणायची.

पण तिला झाडांच्या पलीकडचंही दिसत होतं. तो अंघोळ करून विभूती लावायचा आणि घटकाभरानं पुन्हा विभूतीची वाटी शोधायचा. जेवून हात धुतल्यावर "आज जेवायला देणार न्हाईस का?" विचारायचा. ती हसण्यावारी न्यायची. बत्तीस वर्षं खांद्यातलं दुखणं दाबून भाकरी थापलेली बाई ती, हे दुखणंही तिनं तसंच दाबलं.

उमाशंकरला फोनवर सांगितलं तर तो सरळ म्हणाला, "अव्वा, अप्पांची गाडी बंद कर. कुणाला धडकवली तर?"

"धडकवीत न्हाईत रे. हात अजून पक्का हाय. रस्ता तेवढा इसरतेत."

"मग त्येच सांगालोय ना मी."

"गाडी बंद केली तर त्यांचं ऱ्हाईल काय, सांग की," महादेवी म्हणाली.

उपाय तिला रणधीरच्याच गाडीत दिसला. गाडी दारात उभी होती आणि आतून एक बाई बोलत होती. महादेवीला वाटलं रणधीरची बायको आहे. वाकून पाहिलं तर बाई नव्हती, वहीएवढी काच होती, आणि काच सांगत होती, उजवीकडे वळा. महादेवीचं शिक्षण शून्य, पण डोकं सरळ चालणारं. नवरा रस्ता विसरतो, काच रस्ता विसरत नाही. मग काच बसवायची. तिनं पैशांची सोय केली आणि सोमवारी नवऱ्याला म्हणाली, "चला उमरग्याला."

"कशाला?"

"तुमच्या गाडीला रस्ता सांगणारी बसवायचीय."

माणिकप्पानं तिच्याकडं असं पाहिलं की जणू तिनं त्याला काठी आणून दिली. "म्या काय आंधळा झालाव व्हय?"

"तुमी न्हाई वो. रस्तेच बदललेत. तुमीच म्हणता की."

त्यानं गाडीची किल्ली उचलली. त्याचंच वाक्य होतं.

उमरग्यात हायवेला लागून आरिफचं दुकान. गाड्यांचे टेप, दिवे, हॉर्न, सीटकव्हर. आरिफचा बाप बाबामियाँ माणिकप्पाचा जुना दोस्त. टेंपोच्या काळापासून त्याच्या गाडीची वायरिंग बाबामियाँच्या हातची. आता म्हाताऱ्याला दिसत नव्हतं. दुकानाच्या दारात खुर्ची टाकून तो इंजिनांच्या आवाजावरून गाड्या ओळखत बसायचा.

"माणिकप्पा आया," गाडी थांबायच्या आत तो म्हणाला. "अरे आरिफ, चाय बोल रे."

आरिफनं काउंटरवर तीन वस्तू मांडल्या. "हे बघा काकू. हा नुसता होल्डर. ह्याच्यात मोबाईल अडकवायचा, मोबाईलच रस्ता सांगतो. सस्तात काम."

"त्यांच्या मोबाईलची काच अंगठ्याएवढी. त्यात त्यांना काय दिसणार?" महादेवीनं होल्डर बाजूला सारला.

"मग ही सात इंची. नकाशा आतच भरलेला हाय."

"नवा पूल झाला तर हिला कळतंय का?"

आरिफ जरा चपापला. गिऱ्हाईक मोठे साहेब असले तरी हा प्रश्न विचारत नसत. "न्हाय काकू. जुना नकाशा ऱ्हातो हिच्यात. ही तिसरी घ्या, नऊ इंची. हिच्यात सिमकार्ड टाकायचं, नवं काय झालं की हिला कळतंय. रेंज गेली तरी चालंल, आपला सगळा भाग मी आत उतरवून देतो."

"मराठी बोलती का?"

"बोलती की."

"मग हीच बसव."

"मला कुणी इचारलंच न्हाय," माणिकप्पा म्हणाला. सगळे हसले, तोही हसला. पण हसताना त्यानं गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला होता, दवाखान्यात जनावर धरावं तसा.

गाडी जुनी, तिच्यातली टेपची खाच लहान. आरिफनं टेप उपसून काढला आणि करवतीच्या पात्यानं डॅशबोर्ड कापायला घेतला. प्लास्टिकचा किस सीटवर पडत होता. पात्याच्या प्रत्येक ओढीला माणिकप्पाचा जबडा हलत होता. आतल्या पोकळीतून सुपारीची खांडं निघाली, एक तुटका कंगवा निघाला, कुणाच्या तरी लग्नातल्या पिवळ्या पडलेल्या अक्षता निघाल्या. ते सगळं त्यानं ओंजळीत घेतलं आणि कुठं ठेवावं हे न सुचून तसाच उभा राहिला. महादेवीनं पदर पुढं केला.

"काका, ह्याचा एरियल काचेजवळ चिकटवावा लागतो, त्याला आभाळ दिसाया पायजे," आरिफ म्हणाला. "बसवण्णांचा फोटो जरा हलवू का?"

"त्यांना हलवायचं न्हाय."

"नको हलाव रे," दारातून बाबामियाँ ओरडला. "बाजूकू लगा."

मग एरियलची काळी टिकली फोटोच्या शेजारी चिकटली. तारा जोडल्या, फ्यूज बसला, काच उजळली. तिच्यात एक निळा बाण उमटला. "ह्यो बाण म्हंजे तुमची गाडी," आरिफनं समजावलं. माणिकप्पा डोळे बारीक करून बाणाकडं पाहत राहिला. आपण इतके लहान आहोत हे त्याला पटलेलं दिसेना.

"आता शेवटचं. घर ठिवायचं. एकदा ठिवलं की तुमी कुठंबी असा, ह्या घराच्या चित्रावर बोट टेकवा, ही तुमाला दारात नेऊन सोडंल." आरिफनं गावाचं नाव घातलं. "हळदवडगीच्या नावाचे दोन टिपके दिसालेत की, काका. ह्यातलं तुमचं कुठलं?"

महादेवी पुढं सरकली. हल्ली त्याला काहीही विचारलं की तो आधी तिच्याकडं बघायचा. आज त्यानं बघितलं नाही. तो वाकला, आणि चष्मा नसताना काचेवर नेमकं बोट टेकवलं.

"हे."

"पक्कं?"

"आरं, माझं घर मला इचारतोस व्हय?"

बाबामियाँ खदखदा हसला. महादेवीला इतका आनंद झाला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कित्येक महिन्यांत त्याच्या तोंडून असं सरळ, ठाम उत्तर आलं नव्हतं. तिनं काचेकडं पाहिलंच नाही. ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती इरम्माकडं गेली. इरम्मा मिरची तोडत होती. महादेवीही न सांगता तोडायला लागली, उजव्या हातानं तोडायची आणि डाव्या हातानं ओटीत टाकायची. दोन ओळी झाल्यावर म्हणाली, "उद्याचा माल आमच्या गाडीत दे. मशीन बसवलंय."

इरम्मानं मान वर केली नाही. "अक्का, मागल्या बारीला म्या काय बोलले का?"

"न्हाय बोललीस. म्हणूनच जास्त लागलं."

इरम्मानं ओटीतली मिरची पाटीत ओतली. "तू संगं बसशील तर देते."

बांधावर गाडी उभी होती, माणिकप्पा आत बसला होता. खिडक्या उघड्या होत्या. त्याला ऐकू गेलं असणारच, कारण तो लगेच फडकं घेऊन काच पुसायला लागला.

दुसऱ्या दिवशी दोघं निघाली. काचेतली बाई बोलायला लागली तशी माणिकप्पानं तिच्याशी भांडायला सुरुवात केली. ती म्हणाली, दोनशे मीटरवर डावीकडे वळा. हा म्हणाला, "तू जन्मायच्या आधी वळलोय म्या हितं." ती म्हणाली, सरळ जात राहा. "मग काय, आडवा जाऊ?" महादेवी पदर तोंडाला लावून हसत होती. नळदुर्गचा पूल आला तेव्हा मात्र तिचं हसू थांबलं. गाडीचा वेग उतरला. माणिकप्पाचे हात चाकावर घट्ट झाले, एकदा इकडं, एकदा तिकडं तो पाहायला लागला. मागून हॉर्न वाजले. काचेतली बाई म्हणाली, सरळ जात राहा. तिचा आवाज काही चढला नाही, तिला घाईही नव्हती. गाडी सरळ गेली. महादेवीनं हळूच, कुणाला दिसणार नाही असा, काचेला नमस्कार केला.

माल वेळेवर लागला. ओळखीचा हमाल ओरडला, "माणिकप्पा! लई दिवसानं!" एवढ्यानं त्याची पाठ सरळ झाली. त्यानं महादेवीला भजी खाऊ घातली. परतताना बाजारातल्या पोरानं लातूरचा रस्ता विचारला तर त्याला खिडकीतून हात काढून सांगितला, आणि बरोबर सांगितला. महादेवीला वाटलं, गेलं संकट. आता मी रोज संगं बसेन, मशीन बोलेल, हे चालवतील. असंच आणखी चार-पाच वर्षं गेली तर बास. तिचं मागणं फार मोठं नव्हतं.

नळदुर्गात त्यानं गाडी थांबवली आणि दुकानातून पुडी घेऊन आला. लिमलेटच्या गोळ्या.

"ह्या कुणाला? आपल्या घरात कुणाच्या तोंडात दात तरी हाईत का?"

"असू दे," तो म्हणाला आणि पुडी वरच्या खिशात ठेवून बटण लावलं. इरम्माच्या नातवाला असतील, असं महादेवी धरून चालली.

त्यानं घराच्या चित्रावर बोट टेकवलं. ऊन कलतं झालं होतं. लोहाऱ्याकडं वळल्यावर रस्ता मोकळा लागला, दोन्ही बाजूंना तूर फुलात होती. दिवसभराच्या थकव्यानं महादेवीचा डोळा लागला. सास्तूर मागं पडल्याचं तिला कळलं नाही. जाग आली ती गाडीच्या हेलकाव्यांनी. समोर डांबर नव्हतं. दोन्हीकडून बाभळीच्या फांद्या गाडीला घासत होत्या.

"अवो, हिकडं कुठं?"

"घरी," माणिकप्पा म्हणाला.

"हे घर हाय व्हय? ती बया चुकली! मागं घ्या, मागं घ्या गाडी."

पण तो हसत होता. चाकावरचे हात सैल होते, खड्डा यायच्या आधी तो गाडी कडेला घेत होता. सगळे खड्डे त्याला पाठ होते. आड मागं गेला, देवळाचा चौथरा मागं गेला. मग गाडी थांबली आणि काचेतली बाई म्हणाली, तुम्ही तुमच्या ठिकाणी पोहोचला आहात.

समोर गवतात बुडालेला उंबऱ्याचा दगड होता. महादेवीनं तो दगड लग्न होऊन आली तेव्हा ओलांडला होता. आरिफनं काय विचारलं होतं, आणि तिचा माणूस कशावर बोट ठेवून इतका ठाम बोलला होता, ते तिला आत्ता कळलं. मशीन चुकलं नव्हतं. मशीननं सांगितलेलं ऐकलं होतं.

माणिकप्पा उतरला. त्यानं खिशाचं बटण काढलं, पुडी हातात घेतली आणि गवताकडं बघून हाक मारली, "शुभे! ए शुभे!"

महादेवी दाराला धरून उभी राहिली. डाव्या खांद्यातून कळ निघून थेट छातीत गेली. तिला वाटलं, ओरडावं. सांगावं की तुमीच तिला मातीत ठिवलीय, तुमच्या ह्या दोन हातांनी. पण त्या माणसाच्या तोंडावर जे होतं ते तिनं बत्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. बाप घरी आल्यावर दिसतो तसा तो दिसत होता.

"भाईर का येईना गं?" त्यानं विचारलं. "झोपली का?"

"व्हय," महादेवी म्हणाली. "झोपलीय. आत्ताच झोपलीय."

"मग नको उठवू." त्यानं आवाज लगेच खाली आणला. पुडी उंबऱ्यावर ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर एक खडा ठेवला. मग तिथंच दगडावर बसला. महादेवी त्याच्या शेजारी बसली आणि पदराचा बोळा तोंडात धरून रडली. एका जागी इतका वेळ ती भूकंपानंतर पहिल्यांदाच रडत होती. त्याच्या ते ध्यानात आलं नाही. तो बाभळीतून येणारं ऊन बघत होता.

ऊन खाली गेलं तसा त्याच्या तोंडावरचा उजेडही गेला. त्यानं बाभळींकडं पाहिलं, दगडांकडं पाहिलं. आपले हात पाहिले, त्यांवरच्या सुरकुत्या चोळल्या.

"हे कुठलं गाव?"

महादेवीनं डोळे पुसले. "जुनं हाय. पडलेलं."

मग लहान पोरानं विचारावं तसं, तिच्याकडं न बघता, त्यानं विचारलं, "मग आपलं घर कुठं हाय गं?"

सगळ्या मुलखाला रस्ता दाखवलेला माणूस तो. महादेवी उठली. गाडीतून किल्ली काढली तसा काचेवरचा बाण विझला. किल्ली तिनं पदराच्या टोकाला घट्ट बांधली. त्यानं गाठ बांधताना पाहिलं, आणि मागितली नाही. गाडी उद्या रणधीर आणेल. पुन्हा ती किल्ली याच्या हातात द्यायची नाही हे ठरवताना तिला आपल्याच हातानं काहीतरी पुरल्यासारखं वाटलं.

"चला," तिनं त्याचा हात धरला. "म्या दावते."

दोघं बाभळीतून निघाली. काटे होते, तिनं फांदी धरली आणि तो खालून गेला. ओढ्यात पाणी घोट्याएवढं होतं. "हितं शेवाळ हाय," तिनं सांगितलं, आणि तो सांगितल्यासारखा जपून उतरला. ओढ्यापलीकडं दोन वाटा फुटतात, एक शेताकडं जाते, एक नव्या गावाकडं. तिथं तो थांबला.

"आता कुठं?"

उजव्या हातात त्याचा हात होता, तो तिला सोडायचा नव्हता. म्हणून महादेवीनं डावा हात जेवढा जाईल तेवढा वर केला आणि माळावरच्या दिव्यांकडं दाखवलं.

"तिकडं," ती म्हणाली. "सरळ."